न फुटलेल्या पणत्या

दिवाळी सरली की बहुतेक घरांत पणत्या भिजत घालतात, घासतात आणि पुढच्या वर्षासाठी फळीवर ठेवून देतात. पणदरे गावात आमच्या घरी त्या खताच्या रिकाम्या पिशवीत भरायच्या आणि भाऊबीज झाली की बाजरी निघालेल्या रानात न्यायच्या. तिथं आबा, म्हणजे माझे आजोबा, बंदूक घेऊन उभे राहायचे. त्यांच्या उजव्या हाताला, थोडं मागं, माझे वडील. आबा बंदूक खांद्याला लावून ओरडायचे, "सोड!" की दादा (आम्ही वडिलांना दादा म्हणतो) हातातली पणती हवेत भिरकावायचे. पणती गरगरत वर जायची, बार व्हायचा आणि आभाळात नुसती लाल धूळ उरायची.

आम्ही पोरं लांब ट्रॉलीच्या मागं कानात बोटं घालून बसलेलो असायचो. आबांचा नेम लागला की आम्ही नाचायचो. दादांकडं कुणाचं लक्ष नसायचं. फेकणाऱ्याकडं कोण बघतं?

ही बंदूक पणजोबांनी घेतलेली. बारा बोअरची दुनळी. उसात डुकरं शिरायची त्यासाठी तिचा परवाना. पणजोबांच्या काळात ससे-तित्तरही मारत असावेत, पण आबांच्या वेळेपर्यंत ते सगळं बंद झालं होतं आणि आबांना तसंही जीव मारायला आवडायचं नाही. डुकरांसाठीसुद्धा ते हवेत बार काढायचे. मग नेम धरायची हौस भागवायला त्यांनी पणत्या धरल्या.

त्यांचा एक नियम होता. फेकणाऱ्यानं बंदुकीला हात लावायचा नाही आणि बंदूकवाल्यानं पणतीला. एकाचे हात कुठं आहेत ते दुसऱ्याला न बघता ठाऊक असलं पाहिजे, असं ते म्हणायचे. दादा पोरसवदा असल्यापासून फेकणारे. त्यामुळं बंदूक त्यांच्या घरातच होती, पण त्यांच्या हातात कधीच आली नाही. आबा ती उघडायचे, पुसायचे, तेल द्यायचे ते माडीवर, दार लावून. आत कुणी जायचं नाही. हे नियम चांगलेच होते. आमच्या घरात त्या बंदुकीनं कधी कुणाचं काही वाईट झालं नाही, ते त्यामुळंच. मला हे लिहिताना भीती वाटते की वाचणाऱ्याला आबा हट्टी वाटतील. ते तसे नव्हते.

निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. आमच्याकडं निवडणुकांना तोटा नाही. आबा ठाण्यातून रिकाम्या हातानं परत आले की आई विचारायची, "गेली का माहेरी?" आणि आबा म्हणायचे, "गेली. तुझ्यापेक्षा जास्त जाती बघ." आईचं माहेर कळसला, जवळच. तरी तिला वर्षातून दोनदा जायला मिळायचं. ती हसायची, पण फार नाही.

आबा गेल्यावर परवाना दादांच्या नावावर झाला. आत्यांनी संमती दिली, कचेरीतल्या फेऱ्या झाल्या आणि एक दिवस दादा ठाण्यातून बंदूक घेऊन आले. ती त्यांनी दोन्ही हातांवर आडवी धरली होती, बारशातलं मूल धरतात तशी. आता बंदूक त्यांची होती, पण "सोड" कुणाला म्हणायचं? दिवाळीच्या पणत्या आई घासून फळीवर ठेवायला लागली. बंदूक देवघराच्या कोपऱ्यात उभी राहिली.

दादांना तिचं एकच करता यायचं, ते म्हणजे पूजा.

खंडेनवमीला आमच्याकडं विळे, कोयते, फाळ, ट्रॅक्टर, दुधाचं मशीन, सगळ्यांची पूजा असते. बंदुकीची सगळ्यात शेवटी. आबा लाकडी दस्त्यावर एक कुंकवाचं बोट लावायचे आणि घटातलं उगवलेलं धान स्वतःच्या टोपीत खोवायचे. झालं. दादांना ते कमी वाटलं असावं. वडिलांची वस्तू, आणि आपण तर ती वाजवतही नाही, निदान मान तरी नीट राखावा. ते तिच्यावर दूध-पाणी शिंपडायचे, हळद-कुंकू वाहायचे, झेंडूचा हार घालायचे आणि घटातलं धान, मुळांच्या ओल्या मातीसकट, दोन्ही नळ्यांच्या तोंडात खोवायचे. दोन नळ्यांतून दोन पिवळे-हिरवे तुरे वर आलेले असायचे. मला ते फार सुंदर दिसायचं. दिवाळीची साफसफाई निघेपर्यंत ते तुरे तसेच असायचे. मग दादा ते काढायचे, बाहेरून फडकं मारायचे, दस्ता खोबरेल लावून चकचकीत करायचे.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बारामतीला रोज एसटीनं जाऊन-येऊन शिकते. पहिल्या वर्षी एनसीसीत नाव घातलं ते मैत्रिणीनं घातलं म्हणून. कॅम्पात रायफल हातात दिली, मी आडवी पडून पाच गोळ्या झाडल्या आणि शिकवणारे सर कागदाकडं बघून म्हणाले, "घरी कुणी फौजेत आहे का?" मी म्हणाले, नाही, आजोबा पणत्या फोडायचे. ते हसले. त्यांच्याच ओळखीचे एक निवृत्त सुभेदार इंदापूरच्या अलीकडं माळावर नेमबाजीची रेंज चालवतात, तिथं त्यांनी आम्हा दोघी-तिघींना रविवारी पाठवायला सुरुवात केली. मी फार काही चमकले नाही. हे स्पष्ट सांगितलेलं बरं. पण तिथं पहिल्यांदा मी उडती तबकडी बघितली. केशरी, बशीएवढी, मातीची म्हणतात ती. मशीनचा हात फिरतो आणि ती सूं करत जाते. पहिल्या दिवशी तिथली बंदूक खांद्याला लावल्यावर माझ्या तोंडातून "सोड!" असंच निघालं. सगळे हसले. मशीनवरच्या माणसानं मात्र बरोबर सोडली.

त्या रात्री जेवताना मी घरात सांगितलं. आईनं कपाळावर हात मारला. "कॉलेजात बंदूक शिकवत्यात व्हय? म्या आपलं म्हणते पोरगी बँकेत लागंल."

दादांचा घास हातातच राहिला. त्यांनी एकच विचारलं.

"फेकतं कोण?"

"मशीन."

"मशीन?" दादा पहिल्यांदा भाकरीकडं आणि मग माझ्याकडं बघून हसले. "मशीनला काय कळतंय?"

आणि मी म्हणाले, "आपली बंदूक नेऊया का एकदा?"

हे मी सहज म्हणाले. आजही आठवते तेव्हा ते वाक्य मला माझं वाटत नाही, इतकं सहज. दादांनी घास तोंडात घातला. पण चार दिवसांनी गोठ्यात धारा काढता काढता त्यांनी विचारलं, "इचारलं का सरांना?" मी विसरले होते. मग विचारलं. सुभेदार सर म्हणाले, परवाना आणि बंदूक घेऊन वडिलांना येऊ दे, मी बघतो.

तोवर एक निवडणूक मध्ये आली आणि बंदूक माहेरी गेली. दादा रोज पेपरात आचारसंहिता कधी संपते ते बघत होते. निकाल कुणाचा लागला याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. बंदूक परत आली त्या आठवड्यात त्यांनी टोपी धुतली, पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

रविवारी पहाटे धारा उरकून आम्ही मोटारसायकलवर निघालो. बंदूक आबांच्या कॅनव्हासच्या खोळीत, माझ्या पाठीवर तिरकी. दादांच्या पायाशी टाकीला अडकवलेली एक पिशवी होती. खळखळ वाजत होती. मला वाटलं डबा असेल.

सुभेदार सर आमची वाट बघत खुर्चीवर बसले होते. त्यांनी उठून दादांना नमस्कार केला, परवाना बघितला, खोळ उघडली. दस्ता बघून म्हणाले, "वा! काय लाकूड आहे. पाहुणे, असं काम आता होत नाही." दादा लाजले. मग सरांचं लक्ष पिशवीकडं गेलं. "हे काय आणलंय?"

दादांनी पिशवी पुढं केली. पणत्या होत्या. घासून स्वच्छ केलेल्या, वर्तमानपत्राच्या तुकड्यात एकेक गुंडाळलेल्या.

"म्हटलं पयल्या दोन-चार हातानं द्याव्या," दादा म्हणाले. "तिच्या आबाला मीच द्यायचो. मग हायच तुमचं मशीन."

मला तेव्हा कळलं की दादा मला बंदूक वाजवताना बघायला आलेलेच नव्हते. ते फेकायला आले होते. इतक्या वर्षांनी त्यांच्या कानावर "सोड" पडणार होतं.

सर म्हणाले, "रेंजवर हातानं फेकायला परवानगी नसते. पण आधी बंदूक तर बघू." त्यांनी नळी मोडली, म्हणजे बंदूक मधून उघडली, रिकामी असल्याची खात्री केली आणि नळ्या आभाळाकडं धरून एक डोळा लावला. बराच वेळ लावला. मग नळ्या फिरवून तोंडाच्या बाजूनं पाहिलं. मग माझ्या हातात दिली.

मी शिकले होते तसं आत पाहिलं. चांगली नळी आतून आरशासारखी असते, उजेडाची गोल कडी दिसते. इथं कडी नव्हती. आत तांबूस-काळं, खरबरीत, खड्डेच खड्डे. तोंडाच्या बाजूला तर पापुद्रे सुटलेले.

"इथं तोंडाशी पत्रा सगळ्यात पातळ असतो," सर हळू म्हणाले, "आणि गंज तिथंच खोल गेलाय. काडतूस घातलं तर फाटेल. हात जाईल पोरीचा." मग दादांकडं वळून, "पाहुणे, नळीत पाणी कशानं गेलं हो? छप्पर गळत होतं का?"

"न्हाय न्हाय," दादा लगेच म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, तो मला अजून ऐकू येतो. "पाणी कशाला जातंय? देवघरात आसती. लय जपतो साहेब आमी तिला. खंडेनवमीला दूध-पाणी शिंपडतो, घटाचं धान दोनी नळ्यांत..."

ते तिथं थांबले.

माळावर वारा होता. लांब हायवेवरून ट्रक चालले होते. सरांनी मान खाली घातली, बंदूक मिटली आणि दस्ता उगीच हातानं पुसला. ते चांगले गृहस्थ आहेत.  

शेवटी दादाच म्हणाले, "खोडकिडा. ऊस भायेरनं हिरवागार दिसतो ना, आन आतनं पोखरलेला, तसं झालं." मग म्हणाले, "ठाण्यात ऱ्हायली आसती तर वाचली आसती की ओ."

सर म्हणाले, "आलाच आहात तर मुलीचा नेम तरी बघून जा." रेंजची बंदूक मला दिली. मला त्या दिवशी मुळीच नेम धरायचा नव्हता, पण नाही म्हणणंही जमलं नाही. दादा खुर्चीत बसले. शेजारी दुसऱ्या खुर्चीवर आमची बंदूक खोळीत आडवी आणि मांडीवर पणत्यांची पिशवी. मी उभी राहिले. काही तबकड्या लागल्या, काही गेल्या. एकदा काडतूस बदलताना मी मागं पाहिलं. मशीनमधून दुसऱ्या मुलीसाठी तबकडी सुटली आणि दादांचा पिशवीवरचा उजवा हात मनगटातून किंचित उचलला गेला. पुन्हा सुटली, पुन्हा उचलला गेला. त्यांना ते माहीत नसावं.

परत येताना कळसला मामाकडं थांबायचं ठरलं होतं. दादा थांबले नाहीत. गावाच्या पुढं गेल्यावर एका फाट्यावर चहा घेतला. टपरीवाला माझ्या पाठीवरची खोळ बघून म्हणाला, "काय तात्या, पोरगी भजन करती काय? वीणा हाय का?" दादा म्हणाले, "व्हय, वीणाच. तार तुटलीया." टपरीवाला हसला. दादाही हसले. मला हसता आलं नाही.

पुढं मोटारसायकलवर, तोंड समोर ठेवून, ते बोलायला लागले. वाऱ्यात अर्धं ऐकू येत होतं म्हणून मी त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

"ते मशीन एकसारखंच फेकतं व्हय गं?"

"दिशा बदलते. पण जोर एकसारखाच."

"आबाला म्या कधी एकसारखी न्हाय दिली." एक खड्डा चुकवून ते पुढं म्हणाले. "शेवटी शेवटी त्याचा खांदा आखडला हुता. बंदूक उजवीकडं वळायचीच न्हाय. मग म्या समद्या डाव्या अंगाला द्यायचो. हळू. पणती वर जाऊन घडीभर थांबती ना, तितं त्याची नळी आदीच आसायची."

"आबांना माहीत होतं?"

"छ्या! सांगायचं आसतं व्हय? गावभर म्हणायचा, म्हातारा झालो तरी नेम चुकत न्हाय."

 आम्ही ट्रॉलीमागं नाचायचो ते कुणाच्या नेमावर, हे मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा समजलं. पण तेव्हा ते सांगायची वेळ नव्हती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी सांगितलं असतं तर दादांना बरं वाटलं असतं. त्या दिवशी ते सांत्वन केल्यासारखं झालं असतं, आणि दादांना सांत्वन केलेलं आवडत नाही.

घरी आई दारातच उभी. "वाजली का?"

दादांनी पिशवी ओट्यावर ठेवली. आईनं आत हात घालून एक पुडी सोडली, पणती बघितली, दुसरी सोडली. मग तिनं त्या पुन्हा कागदात गुंडाळल्या आणि म्हणाली, "हातपाय धुवा. कालवण गरम हाय."

त्यानंतर मी सरांमार्फत पुण्याच्या एका बंदूक दुरुस्त करणाऱ्याला फोटो दाखवले. त्यानं सांगितलं, नळ्या गेल्या, दस्ता शोभेला ठेवा. हेही मी दादांना सांगितलं. शिकलेली म्हणून असल्या गोष्टी सांगायचं काम आता माझ्याकडं येतं. दादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं."

मला वाईट वाटतं ते बंदुकीचं फारसं नाही. बंदूक कितीतरी आधी गेली होती, आणि देवघराच्या कोपऱ्यात ती तशीच उभी राहिली असती तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. दादांनी दर खंडेनवमीला तिला मनापासून सजवलं असतं. आपण वडिलांची वस्तू नीट राखली, हे समाधान त्यांच्याजवळ शेवटपर्यंत राहिलं असतं. ते मी त्यांच्याकडून माळावर नेऊन काढून घेतलं. चूक कुणाची, असं विचारलं तर मला बोट दाखवता येत नाही. आबांनी सुरक्षिततेसाठी दार लावून घेतलं, दादांनी आदर म्हणून नळीत धान खोवलं, मी प्रेमानं म्हणाले नेऊया का. तिघांचंही बरोबरच होतं. तरी नळी फुकट गेली आणि दादांचा एक अभिमानही गेला. मी कधीकधी एसटीच्या खिडकीतून उसाच्या फडांकडं बघत या सगळ्याची मांडणी बदलून बघते. कुठंच काही वेगळं होत नाही.

यंदा खंडेनवमीला मी कॉलेजला सुट्टी घेऊन घरी थांबले. दादांनी विळे, कोयते, ट्रॅक्टर सगळं उरकलं आणि बंदुकीजवळ आले. हातात दुधाची वाटी होती. ती त्यांनी खाली ठेवली. कोरड्या फडक्यानं नळ्या पुसल्या, दस्त्यावर एक कुंकवाचं बोट लावलं आणि घटातलं धान स्वतःच्या टोपीत खोवलं. अगदी आबांसारखं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आसंच करायचा न्हाय का आबा?"

"व्हय," मी म्हणाले.

भाऊबीज झाल्यावर मी आईकडून पणत्यांची पिशवी मागून घेतली. आई म्हणाली, "आता काय दगडानं फोडताय?" पण दिली. संध्याकाळी दादा बाजरीच्या रानात बांध घालत होते. मी त्यांच्याजवळ पिशवी ठेवली आणि पुढं जाऊन आबा उभे राहायचे तिथं उभी राहिले. हातात काही नव्हतं. मला फार संकोच वाटत होता. शेजारच्या रानातलं कुणी बघत असेल तर काय म्हणेल, हेही मनात आलं.

मागं कुदळ ठेवल्याचा आवाज झाला. कागद सोडल्याचा झाला.

मी दोन्ही हात खांद्याशी नेले, बंदूक धरतात तसे, आणि म्हणाले, "सोड!"

आवाज बारीक निघाला, पण पणती सुटली. डाव्या अंगाला, हळू, गरगरत वर गेली आणि घडीभर थांबली. माझे हात नुसतेच वर धरलेले होते. मग ती खाली आली आणि नांगरलेल्या मऊ मातीत, न फुटता, अलगद रुतली.

दादा चालत गेले. पणती उचलली, शर्टाला पुसली आणि तिथूनच ओरडून विचारलं.

"लागली आसती का गं?"

"लागली असती," मी ओरडून सांगितलं.

खरं तर मला माहीत नाही. ती वर थांबली होती तेव्हा मी पणतीकडं नाही, मागं वळून त्यांच्या हाताकडं बघत होते.